गिरसप्प्याच्या नावाची आगबोट

जोगचा धबधबा आपल्या भागात कोणास ठाऊक नाही? जुनी माणसे त्यास गिरसप्प्याचा धबधबा म्हणत. कारण शरावतीच्या काठी, धबधब्याच्या खालच्या अंगास, गेरसोप्पा नावाचे गाव आहे. परंतु याच नावाची एक आगबोट होती आणि ती अटलांटिक महासागराच्या तळाशी पडली आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आपल्या कित्येक बोटींना हिंदुस्थानातील गावांची नावे देत असे. १९१९ साली इंग्लंडात बांधलेल्या या ५,२३७ टनी मालवाहू बोटीस 'गेरसोप्पा' हे नाव मिळाले. दुसरे महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४० मध्ये, लोखंड, चहा, टपाल आणि चांदी घेऊन ती कलकत्त्याहून विलायतेस निघाली. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीमुळे आफ्रिकेच्या फ्रीटाऊन बंदरापासून ती इतर बोटींच्या ताफ्यात चालू लागली.

आगबोटीचा जीव कोळशात असतो. भट्टीत कोळसा जाळावा, त्याच्या वाफेवर यंत्र फिरावे, तेव्हा बोट चालते. समोरून वादळ आले म्हणजे कोळसा तितकाच जळतो, पण वाट मात्र सरत नाही. 'गेरसोप्पा'चे तसेच झाले. कोळसा पुरेना, तेव्हा १४ फेब्रुवारी १९४१ रोजी ताफा सोडून ती एकटीच आयर्लंडमधील गॉलवे बंदराकडे वळली. तीन दिवसांच्या आत यू-१०१ या जर्मन पाणबुडीने तिला पाणतीर मारला व थोड्याच वेळात ती बुडाली.

बोटीवरील ८६ माणसांपैकी बहुतेक हिंदी खलाशी होते. भट्टीपुढे उभे राहून कोळसा ओढणारे हात आपल्याच देशबांधवांचे. एक होडी तेवढी निभावली. पण थंडी, तहान आणि भूक यांनी तीतील माणसे एकेक करून गेली. तेरा दिवसांनी ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यास लागली, तेव्हा लाटांच्या तडाख्यातून दुय्यम अधिकारी रिचर्ड एअर्स हे एकटेच वाचले.

पुढे सत्तर वर्षांनी, २०११ साली, सुमारे ४,७०० मीटर खोलीवर बोटीचा सांगाडा सापडला. २०१२ व २०१३ साली यंत्रांच्या साहाय्याने चांदीच्या २,७९२ विटा, म्हणजे सुमारे ११० टन चांदी, वर काढण्यात आली. त्या चांदीची काही नाणीही पाडली गेली. अधिक नवलाची गोष्ट अशी की, सातशेहून अधिक पत्रेही हाती आली. गाळाखाली दडपून राहिल्यामुळे ती कुजली नव्हती आणि त्यांतील कित्येक वाचता आली.

चांदीची कथा वर्तमानपत्रांतून जगभर गेली. त्या युद्धात समुद्रावर प्राण गमावलेल्या हिंदी खलाशांच्या नावांची वही मात्र मुंबईस खलाशांच्या वसतिगृहात आणि चितगावच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. सुमारे सहा हजार नावे तीत आहेत. चांदीच्या विटा मोजून घेणारे पुष्कळ. ही नावे वाचणारे थोडे. पुढे कधी जोगला सहकुटुंब गेलात, तर मुलांना धबधब्याच्या जोडीने या बोटीची आणि तिच्या भट्टीपुढे राबलेल्या माणसांचीही गोष्ट अवश्य सांगावी.