भरल्या टाकीचा वास

गेल्या उन्हाळ्यात लेस्टरहून भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, जय जिनेंद्र. तुमचा सारा जन्म पत्र्याच्या व्यापारात गेला, म्हणून तुम्हालाच विचारतो," अशी प्रस्तावना करून त्याने जे सांगितले, ते प्रथम कोडेच वाटले. टाकी काठोकाठ भरली की गाडीत पेट्रोलचा उग्र वास येतो, निम्मी रिकामी झाली की नाहीसा होतो, आणि गाडीखाली जमिनीवर मात्र एकही थेंब आढळत नाही.

गाडी १९७२ सालची एम.जी.बी., उघड्या छताची, दोनच आसनांची. माझ्या मेहुण्यांनी इंग्लंडात स्थिरावल्यावर ती जुनी म्हणून विकत घेतली आणि अखेरपर्यंत जिवापाड सांभाळली. त्यांच्या पश्चात भाचा दर रविवारी आठ वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून ती फिरवतो. त्यामुळे वासाचा प्रश्न हौसेपुरता राहिला नव्हता. पेट कोणता घेते, तर पेट्रोलची वाफ. आणि ती हवेहून जड असल्याने बंद गॅरेजच्या तळाशी साचून राहते.

एम.जी.बी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, म्हणूनच तिचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. तिची इंधनटाकी डिकीच्या तळपत्र्याला खालून बोल्टांनी जखडलेली असते. टाकीचा माथा आणि तळपत्रा यांच्यामध्ये जेमतेम बोटभर फट. रस्त्यावरचा चिखल चाकांबरोबर उडून त्या फटीत बसतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तेही त्या चिखलात मुरते. परिणामी ही टाकी बुडाला नव्हे, माथ्याला गंजते. सुईच्या टोकाएवढी छिद्रे वरच्या बाजूला असल्यामुळे टाकी पूर्ण भरल्याशिवाय किंवा वळणावर पेट्रोल उसळल्याशिवाय ती आपले अस्तित्व दाखवत नाहीत. कोड्याचा उलगडा झाला.

माझ्या बहिणीची इच्छा होती की, 'त्यांच्या' गाडीची मूळ टाकी टाकून देऊ नये. आतून रासायनिक अस्तर ओतून छिद्रे बुजवण्याचा उपाय तिथे प्रचलित आहे आणि स्वस्तही. मी स्पष्ट नकार दिला. अस्तराने छिद्र बुजते, पण बाहेरून खाल्लेला पत्रा पातळ तो पातळच राहतो. आत गंजाचा कण राहिला तर अस्तराचे पापुद्रे सुटून गाळणी तुंबते. शिवाय जुन्या प्रकारची काही अस्तरे इथेनॉलमध्ये मऊ पडतात, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ओळखीच्या एका कारागिराने वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली होती. त्यावर मी जवळजवळ ओरडलोच. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा एकत्र असतात.

मग नवी टाकी कोणती? येथे मला स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "स्टेनलेस घे, प्रश्नच मिटला." आयुष्यभर ज्या मालाची पारख केली, त्याविषयीही माणूस असा घाईने बोलतो! रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की, ओलसर, मीठमिश्रित चिखल जिथे हवेविना दाबून बसतो, तिथे ३०४ प्रतीचे स्टेनलेससुद्धा खड्डे पडून खाल्ले जाते; आमच्याकडून कोकण किनारपट्टीवर गेलेल्या मालाच्या तक्रारी मी स्वतः हाताळल्या आहेत. स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक टिकते, हे खरे. पण फटीतला चिखल काढण्याची सोय केली नाही, तर दाम मोजूनही निश्चिंती मिळत नाही. ॲल्युमिनियमचा विचार आम्ही लवकरच सोडला. ते हलके असते, शर्यतीच्या गाड्यांना शोभते; परंतु खाऱ्या ओलाव्यात पोलादाला चिकटून राहिले की झिजते ते ॲल्युमिनियमच.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला दूरध्वनी केला आणि दुकानदाराला विचारायचे प्रश्न लिहून घ्यायला लावले. टाकीच्या आत आडपडदे आहेत का? ते नसतील तर वळणावर सारे पेट्रोल एका कडेला धावते आणि इंजिन गचके खाते. सुबक चकाकणाऱ्या, पण आतून पोकळ पेटीसारख्या टाक्याही बाजारात असतात. इंधनमापकाच्या फ्लोटचे तोंड १९७२च्या गाडीचेच आहे ना? अगदी सुरुवातीच्या एम.जी.बी.ची टाकी पट्ट्यांनी बांधलेली आणि लहान होती. नंतरची बोल्टांची, सुमारे ५४ लिटरची. एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. शक्य तर पैसे देण्याआधी टाकी उचलून पाहा, सांध्यावरून बोट फिरवा.

अखेरीस त्याने साध्या पोलादाचीच नवी टाकी घेतली. उरलेले पैसे आणि दोन रविवार तिच्या माथ्यावर खर्च केले. रंगाचा कारखानी थर त्याने पुरेसा मानला नाही. वर इपॉक्सीचे दोन हात, त्यावर मेणाचा जाड लेप. पाणी शोषणाऱ्या स्पंजाऐवजी पाणी न पिणाऱ्या रबरी पट्ट्या लावल्या. त्याच वेळी जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बसवल्या. फ्लोट बसवण्याआधी तारा जोडून, तो हाताने वर-खाली करून मापकाचा काटा हलतो का, हेही पाहिले. हे न केल्यास सारे बोल्ट पुन्हा उघडण्याची पाळी येते.

जुन्या टाकीतून काढलेल्या पेट्रोलाविषयी बहिणीने बजावले होते, ते मला आवडले: मातीत नाही, गटारात नाही, किती जिवांचा घात होईल! पालिकेकडे चौकशी करून ते बंद डब्यातून रीतसर पोहोचवले.

आपल्याकडेही ज्यांच्या घरी आजोबांची गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांनी एकदा टाकी उघडून पाहावी. भारतात २०२३पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि न चालवता उभ्या ठेवलेल्या गाडीत ते पाणी तळाशी बसते. इथे मीठ नसले तरी चार महिने पावसाळा असतो.

बहिणीने जुनी टाकी मात्र भंगारात जाऊ दिली नाही. पूर्ण धुऊन, वाफ जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवून ती आता गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवलेली आहे. माथ्यावरची छिद्रे उजेडाकडे धरली की दिसतात. भाचा रविवारी सकाळी गाडी काढण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरलेली असताना दार उघडतो आणि आधी नाक आत घालतो. परवा मुलीनेही तसेच केले आणि आजीला सांगितले, "काहीच वास नाही."