पहिले बोल – भाग ६ : लस बाळाला, विचारपूस आईचीही

कात्रजच्या संतोषनगर, सुखसागरनगर भागात लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याची बाळं घेऊन आया रांगेत बसतात. वजन होतं, कार्डावर नोंद होते. ‘दूध नीट ओढतो ना? शी कितीदा होते?’ सगळी चौकशी बाळाची. ‘तुला झोप लागते का गं?’ हे क्वचितच कुणी विचारतं. मागच्या भागात आपण पहिला शब्द पाहिला. त्याची पूर्वतयारी याच वयात सुरू होते.

बाळ ‘अंगू’ करतं, आई ‘हो का रे? अस्सं झालं?’ म्हणून थांबते, बाळ पुन्हा हुंकारतं. बोलणं म्हणजे आळीपाळी, हे बाळ इथे शिकतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात बाळाशी खेळणाऱ्या आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा होता. बाळांनी आधी हसून तिला बोलतं करायचा प्रयत्न केला, मग तोंड फिरवलं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यातही असंच काहीसं घडतं. आईची माया आटत नाही. पण आवाजातला चढउतार जातो, प्रतिसाद उशिरा येतो. अशी अवस्था महिनोन् महिने टिकली, तर बाळाचं हुंकारणंही मंदावू शकतं.

हे परदेशातलं दुखणं नव्हे. गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी बाळंतिणींना सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे या लसीच्याच सुमारास, तपासलं. २००२ साली निष्कर्ष आले : २३ टक्के आयांना नैराश्य. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची कारणं होती. त्यातलं एकही औषधाने जाणारं नाही! पुढच्या वर्षीच्या अहवालात अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजन-लांबीत आणि मानसिक विकासाच्या चाचणीतही मागे दिसली. या वयात शब्द मोजता येत नाहीत, पण ते ज्यावर उभे राहतात ती जमीन मोजता येते.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपतात. मग माहेरून ती कात्रजच्या दोन खोल्यांत परतते, नवरा कामावर, शेजार नवा. चिडली, रडली की ‘आम्ही नाही का पोरं वाढवली?’ हे ऐकावं लागतं. हा आळस नव्हे, आजार आहे आणि तो बरा होतो. तोवर आजी, बाबा, मावशी कुणीही बाळाशी रोज समोरासमोर बोलत राहिलं, तर बराच आधार मिळतो. मोबाइलवरची बडबडगीतं हे काम करत नाहीत. ती बाळाच्या हुंकाराला थांबून उत्तर देत नाहीत.

हे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिंबरो प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दलचे अवघे दहा प्रश्न आहेत. रांगेत बसल्या बसल्या ते विचारून होतात. आशाताईंनी, अंगणवाडीताईंनी ते विचारायला हवेत. आणि घरात अशा त्रासातली बाळंतीण असेल, तर तिला घेऊन डॉक्टरांकडे जा किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.