उंची मोजणं सोपं असतं, म्हणून आपण उंची मोजतो

४ मार्च २०२४, सोमवार सकाळ. अकराला ग्रुप मीटिंग होती, माझे ग्राफ अर्धवट होते आणि मी लॅबमध्ये मोबाइलवर एईडब्ल्यूचा 'रिव्होल्यूशन' बघत बसलो होतो. तिकडे ग्रीन्सबोरोमध्ये रविवारची रात्र होती. वयाच्या ६४व्या वर्षी स्टिंगची शेवटची मॅच चालू होती आणि त्याचा जोडीदार डार्बी ॲलिन शिडीवर चढत होता. रिंगच्या बाहेर खुर्च्यांवर काचेचं तावदान ठेवलेलं. डार्बीने उडी मारली, समोरचा ऐन वेळी बाजूला झाला आणि हा थेट काचेतून खाली. पाठ रक्तबंबाळ.

मागून आमची ज्युनियर म्हणाली, "दादा, हे सगळं खोटं असतं ना?"

हा प्रश्न मी शाळेपासून ऐकतोय. माझं ठरलेलं उत्तर असं: निकाल ठरलेला असतो, गुरुत्वाकर्षण नाही. कोण जिंकणार हे आधी माहीत असलं म्हणून माणूस हळू पडत नाही. उत्तर ऐकायला भारी आहे. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये माझाच ग्राफ माझ्यावर उलटला आणि मग लक्षात आलं की मी स्वतःही इतकी वर्षं हा खेळ चुकीचा मोजत होतो. हे पोस्ट त्याबद्दल आहे. नेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना ते आज ना उद्या उपयोगी पडेल, कारण भानगड कुस्तीची कमी आणि 'नेमकं काय मोजायचं' याची जास्त आहे.

माझं काम फोमवर आहे. ठरावीक वजन वेगवेगळ्या उंचीवरून फोमच्या तुकड्यावर सोडायचं आणि खाली किती बल पोहोचतं ते बघायचं. मी एक्स-अक्षावर उंची घेतली होती, वाय-अक्षावर कमाल बल. ठिपके नुसते विखुरलेले. आमचे गाइड दोन मिनिटं शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, "वजन किती वरून पडलं ते दिसतंय. कशावर पडलं ते कुठे आहे?" मी दोन वेगवेगळ्या जाडीचे नमुने एकाच ग्राफवर टाकले होते. म्हणजे उंची अगदी काटेकोर मोजली होती, आणि थांबायला किती जागा मिळाली ते मोजलंच नव्हतं.

आता कुस्तीकडे या.

२८ जून १९९८, पिट्सबर्ग, 'किंग ऑफ द रिंग'. अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्याचं छत सुमारे १६ फुटांवर. तिथून अंडरटेकरने फोलीला खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ही क्लिप तुम्ही पाहिली नसेल असं होणार नाही. आमच्या पिढीने मॅच लाइव्ह पाहिली नव्हती, पण क्लिप शंभरदा पाहिली.

साधा हिशोब करू. टेबल जमिनीपासून साधारण अडीच फूट उंच धरलं तर पडणं झालं साडेतेरा फूट, म्हणजे ४.१ मीटर. हवेचा विरोध सोडून द्या. टेबलाला लागताना वेग निघतो सेकंदाला ९ मीटर, ताशी ३२ किलोमीटर. चालत्या स्कूटरवरून भिंतीवर आदळण्यासारखं. पण भिंतीवर नाही, इथेच गंमत आहे. बारावीच्या सूत्रातून (v² = 2gh आणि v² = 2ad, दोन्हीतला v² सारखा) एक सुंदर गोष्ट बाहेर पडते: थांबताना सरासरी मंदन जी च्या किती पट, तर पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. बस. वजन नाही, काही नाही. टेबल मोडून खाली बसताना समजा अर्धा मीटर मिळाला, तर ४.१ भागिले ०.५, म्हणजे ८ जी. तोच माणूस तेवढ्याच उंचीवरून काँक्रीटवर पडला असता आणि शरीर दबून जेमतेम ५ सेंमी मिळाले असते, तर ८० जी. उंची तीच, दहा पट फरक. टेबल मोडतं तेव्हा आपण ओरडतो, पण खरं तर टेबल मोडलं म्हणून तो वाचतो.

त्याच मॅचमध्ये दुसरं पडणं आहे, आणि संशोधन करणाऱ्याने खरं तर तेच बघायला हवं. फोली स्ट्रेचरवरून उठून पुन्हा वर चढला. अंडरटेकरने छतावरच त्याला चोकस्लॅम दिला आणि खालचा जाळीचा भाग निसटला. हे ठरलेलं नव्हतं. फोली छतातून सरळ रिंगमध्ये. रिंग जमिनीपासून साडेतीन-चार फूट वर असते, म्हणजे पडणं १२ फुटांच्या आसपास, पहिल्यापेक्षा थोडं कमीच. पण खाली मोडणारं टेबल नव्हतं. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम, वर कॅनव्हास. फळ्या वाकून समजा १० सेंमी मिळाले, तर ३७ जी. शिवाय वरची खुर्ची त्याच्यासोबत खाली आली आणि तोंडावर बसली. दात तुटला. फोली काही वेळ बेशुद्ध होता. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून टेरी फंक मध्ये पडला आणि स्वतः चोकस्लॅम खाल्ला, इतका जोरात की त्याचे बूट पायातून निघाले.

उंची जवळपास सारखी, इजेत जमीन-अस्मानाचा फरक. एक्स-अक्षावर उंची घेतली तर हे दोन ठिपके एकावर एक उभे राहतील आणि तुम्ही म्हणाल, 'डेटा खराब आहे'. डेटा खराब नाही.

(इथे परीक्षक म्हणून मीच मला अडवतो. दुसरं पडणं पहिल्यानंतर झालं, म्हणजे शरीर आधीच मार खाल्लेलं होतं. शिवाय एक ठरलेलं, एक अनपेक्षित. ठरलेल्या पडण्यात पैलवान पाठ सपाट ठेवतो, हनुवटी छातीला लावतो, हात पसरतो. तेव्हा फरक फक्त थांबण्याच्या अंतराने पडला असं या दोन ठिपक्यांवरून सिद्ध होत नाही. मी जे आकडे धरलेत तेही 'समजा'चे आहेत. व्हायव्हामध्ये हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर बरं, नाहीतर समोरचे सांगतात.)

याची उलटी बाजू ५ सप्टेंबर २०२० ला दिसली. एईडब्ल्यूच्या 'ऑल आउट'मध्ये मॅट हार्डी आणि सॅमी ग्वेवारा सिझर लिफ्टवरून पडले. उंची पिंजऱ्याच्या मानाने बरीच कमी. पण हार्डीला टेबल नीट मिळालं नाही आणि डोकं काँक्रीटवर आपटलं. तो धड उभा राहू शकत नव्हता. मॅच थांबवली, आणि मग परत सुरू केली! चाहता म्हणून मला एईडब्ल्यू मनापासून आवडते, पण ते पाच मिनिटांचं फुटेज मी आजही रागाशिवाय बघू शकत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणतो, तेव्हा ते मोजमाप धरायचं नसतं. ज्या उपकरणाला धक्का बसलाय त्याचंच रीडिंग घेतल्यासारखं आहे ते.

आणि ओवेन हार्टचा तर स्टंटही नव्हता. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोराने खाली उतरून यायचं, नुसतं आगमन. पटकन सुटणारा हुक वेळेआधी सुटला आणि तो ७८ फुटांवरून पडला. रिंगमधल्या सर्वात सफाईदार पैलवानांपैकी एक, आणि ज्यात कुस्ती नव्हतीच अशा गोष्टीत गेला. त्या रात्री उरलेला शो पार पाडला गेला. याला माझ्याकडे कुठलंही सूत्र नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर 'उंची नाही, अंतर मोजा' इतकं सांगून पोस्ट संपलं असतं. पण अंतरही पुरेसं नाही. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्नने मेंदूऐवजी जिलेटिन वापरून दाखवलं की डोक्याला सरळ धक्का बसण्यापेक्षा डोकं झटक्यात फिरलं की आतला मऊ भाग जास्त ताणला जातो. मेंदू दाबायला कठीण, पण घसरायला, पीळ बसायला सोपा. तरीही गाड्यांच्या अपघात-चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा 'हेड इंज्युरी क्रायटेरियन' हा आकडा सरळ रेषेतल्या त्वरणावरून काढतात, फिरण्याचा त्यात हिशोबच नाही. का? सरळ त्वरण मोजणं सोपं होतं. माझ्या ग्राफसारखंच.

म्हणून मला आता काचेपेक्षा साध्या पाठीवर पडण्याची जास्त भीती वाटते. ज्याला कोणी टाळी वाजवत नाही, ज्याची क्लिप बनत नाही ते पडणं. समजा एका मॅचला दहा वेळा, वर्षात शंभर मॅच. दर वेळी मान थोडीशी मागे झटकते. डार्बीच्या पाठीला टाके घालता येतात.

२००७ साली क्रिस बेन्वाने पत्नीचा आणि मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीईची, म्हणजे वारंवार मार बसून होणाऱ्या ऱ्हासाची, लक्षणं सापडली. तो वरच्या दोरावरून डोक्याने उडी मारायचा, डोक्यावर खुर्च्या झेलायचा. इथे 'मारामुळे मेंदू बिघडला, म्हणून खून झाले' असं वाक्य लिहायचा मोह होतो. लिहू नका. सीटीईचं खात्रीशीर निदान मृत्यूनंतरच होतं, आणि तपासणीसाठी मेंदू दान करतात ती बहुधा ज्यांना आधीच शंका आली होती अशी कुटुंबं. दहापैकी नऊ मेंदूंत आजार सापडला, तरी सगळ्या खेळाडूंमध्ये त्याचं प्रमाण किती हे त्यावरून कळत नाही. छेद माहीत नसेल तर नुसत्या अंशाचं काय करणार? पण 'प्रमाण माहीत नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असाही होत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं, आणि माझ्या मते बरोबर केलं, प्रमाण कळायची वाट न बघता.

हा विषय ज्याने लावून धरला तो क्रिस नोविन्स्की स्वतः पैलवान. हार्वर्डचा पदवीधर, डब्ल्यूडब्ल्यूईत काम, डोक्याला मार बसून कारकीर्द संपली. २००७ मध्ये त्याने या विषयासाठी संस्था उभी केली, आणि पुढे बोस्टन विद्यापीठातून न्यूरोसायन्समध्ये पीएचडी केली. संशोधनाचा विषय कुठून आणायचा असं मला इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांनी याच्याबद्दल जरूर वाचा.

लहानपणी आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते होते. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. अंडरटेकरचा पत्ता हातात असला की पोरगं ऐटीत. त्या पत्त्यावर मार किती खाल्ला याचा रकाना नव्हता, आणि आम्हाला तो कधी हवासाही वाटला नाही.

"मग बघतोस कशाला?" हे मी ज्युनियरला सगळं समजावल्यावर तिने विचारलं. वाजवी प्रश्न. गेल्या महिन्यात मी एक प्रयोग ठरवला: पूर्ण शो बघायचा आणि मान झटकली की वहीत रेघ मारायची, उंचीकडे लक्ष द्यायचंच नाही. पहिल्या दोन मॅच रेघा व्यवस्थित मारल्या. तिसऱ्या मॅचमध्ये एकही स्टंट नव्हता, नुसती पकड आणि सुटका, पकड आणि सुटका, वीस मिनिटं. संपल्यावर बघतो तर वहीचं पान कोरं.