पाणबुड्यांची सैनिकी अर्हताचिन्हे

सेनादलांत पाण्याखाली काम करण्याचे विहित प्रशिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीस गणवेशावर लावण्यासाठी दिले जाणारे धातूचे किंवा भरतकामाचे चिन्ह. ते हुद्दा दर्शवीत नाही आणि ते शौर्यपदकही नव्हे; पाण्याखालील विशिष्ट प्रकारचे काम करण्यास धारक पात्र आहे, एवढेच ते सांगते. मराठीत ‘पाणबुडी’ म्हणजे पाण्याखालून जाणारी नौका व ‘पाणबुड्या’ म्हणजे बुडी मारणारा मनुष्य. या शब्दांच्या सारखेपणामुळे दोघांच्या चिन्हांचीही गल्लत होते. डॉल्फिनांचे चिन्ह पाणबुडीवरील नाविकाचे असते. भारतीय नौसेनेची पहिली पाणबुडी आय्. एन्. एस्. कलवरी ही ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. पाणबुड्याची अर्हता व तिचे चिन्ह यांहून निराळे होत.

अशा अर्हतेची गरज पाण्याच्या दाबामुळे निर्माण होते. समुद्रात दर १० मी. खोलीस सु. एक वातावरण इतका दाब वाढतो. दाबाखाली श्वसन केलेल्या हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो. सु. ३० मी.च्या खाली हाच वायू गुंगी आणतो व विचारशक्ती मंद करतो. शुद्ध ऑक्सिजन थोड्याच खोलीवर विषारी ठरतो. म्हणून कोणी, किती खोलवर, कोणत्या साधनानिशी व किती वेळ जावे, हे आधीच ठरलेले असावे लागते. अर्हतेच्या श्रेणी या मर्यादांवरच बेतलेल्या असतात.

ऑगस्टस सीबे यांनी १८३७ मध्ये बंदिस्त पोशाख व तांब्याचे शिरस्त्राण प्रचारात आणले. स्पिटहेड येथे १७८२ मध्ये बुडालेल्या रॉयल जॉर्ज या युद्धनौकेचे अवशेष १८३९ ते १८४३ या काळात या साधनांनी काढण्यात आले व त्या अनुभवातून ब्रिटिश नौसेनेत पाणबुड्यांचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. जे. एस्. हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांमुळे टप्प्याटप्प्याने वर येण्याच्या पद्धतीला शास्त्रीय पाया मिळाला. तांब्याचे शिरस्त्राण ही या व्यवसायाची खूण बनली आणि अनेक देशांच्या चिन्हांत तिचेच चित्र आले. अमेरिकी नौसेनेच्या चिन्हांत १९१६ मधील ‘मार्क ५’ शिरस्त्राण मध्यभागी असते. सर्वोच्च श्रेणीच्या चिन्हात त्यास समुद्रघोडे व त्रिशूळ यांची जोड असते. ते शिरस्त्राण नित्य वापरातून केव्हाच गेले. चिन्हावर मात्र ते टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या पाणबुड्यांनी १९ डिसेंबर १९४१ रोजी ॲलेक्झांड्रिया बंदरात दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. अशा कामगिऱ्यांनंतर लढाऊ पाणबुड्यांचे वेगळे वर्ग पुढे आले व काही देशांत त्यांना स्वतंत्र चिन्हेही मिळाली.

भारतीय नौसेनेच्या पाणबुड्यांचे शिक्षण कोची येथील विद्यालयात होते. जहाजावरील पाणबुड्या आपले मूळ काम सांभाळून तळाची तपासणी व किरकोळ दुरुस्ती करतो. निष्कासक पाणबुड्या मात्र सुरुंग व स्फोटके शोधून निकामी करण्यात निष्णात असतो. १९८७ मध्ये उभारलेल्या ‘मार्कोस’ या सागरी कमांडो दलालाही पाण्याखालील युद्धाचे शिक्षण दिले जाते.

चिन्हाविना पार पडलेल्या कामगिरीचे उदाहरण १९७१ चे आहे. बांगला देशाच्या मुक्तिलढ्यातील तरुणांना प्लासीजवळ भागीरथीच्या काठी गुप्तपणे पोहण्याचे व जहाजांच्या तळाला चुंबकीय सुरुंग लावण्याचे शिक्षण देण्यात आले. या मोहिमेची सूत्रे कमांडर मोहन नारायणराव सामंत यांच्याकडे होती. पुढे त्यांना महावीरचक्र मिळाले. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री या जलतरणपटूंनी चितगाव, मोंगला इ. बंदरांत अनेक जहाजे बुडविली. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, मग चिन्ह कोठून असणार? त्यांना शिकविणाऱ्यांत मात्र नौसेनेचे अर्हताप्राप्त पाणबुडे होते.

शांततेच्या काळात या अर्हतेची कसोटी अपघातप्रसंगी लागते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौसेना गोदीत आय्. एन्. एस्. सिंधुरक्षक ही पाणबुडी स्फोट होऊन जागीच बुडाली व तीवरील १८ जण मृत्यू पावले. तेल व गाळ यांनी काळवंडलेल्या पाण्यात दिसेनासे झाले होते. उष्णतेने झडपा व दारे वाकली होती. तशा अवस्थेत पाणबुडे हाताने चाचपडत आत शिरले. १६ ऑगस्टपासून मृतदेह हाती येऊ लागले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळील समुद्रात बुडालेल्या ‘पी-३०५’ या तराफ्याच्या अवशेषांतही नौसेनेच्या पाणबुड्यांनी शोध घेतला. खोल समुद्रातील कामासाठी व पाणबुडीच्या सुटकेस साहाय्य करण्यासाठी आय्. एन्. एस्. निस्तार ही नौका १८ जुलै २०२५ रोजी विशाखापटनम् येथे दाखल झाली. तीवरून ३०० मी.पर्यंत संपृक्त पद्धतीने, म्हणजे पाणबुड्यांना अनेक दिवस दाबाखालील कोठीतच ठेवून, काम करता येते.

चिन्ह एकदा मिळाले म्हणजे पाण्यात उतरण्याची कायमची मुभा मिळाली, असे होत नाही. नियमित बुड्यांचा सराव व वेळोवेळी होणारी वैद्यकीय तपासणी यांवर अर्हता टिकून राहते. कान, फुप्फुसे किंवा हृदय यांत दोष आढळल्यास अनुभवी पाणबुड्यालाही काठावर थांबावे लागते. पाण्याखाली चिन्ह कोणाला दिसत नाही. ते पाहून निर्णय घेणारा अधिकारी काठावर असतो व त्या निर्णयावर खाली जाणाऱ्याचे प्राण अवलंबून असतात.