प्लग बदलून झाले, कॉईल बदलून झाली, आता?

वसईतल्या सांडोरच्या गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंना वाड्या, कंपाउंडच्या भिंती, मधूनच एखादं ऐसपैस अंगण. रविवारची मिस्सा आटोपल्यावर अशा अंगणात कुणी बोनेट उघडून गाडी उभी केली की थोड्याच वेळात पाच-सात जण भोवती जमतात. कुणी पापडीचा, कुणी गिरीजचा. एखादा दिवसभर लेथवर उभा राहणारा, कारण वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात छोट्या कारखान्यांची दाटी आहे आणि हजाराव्या भागापर्यंत माप घेणारे हात इथं घरोघरी सापडतात. आपल्या गाडीवेड्यांची ही फार मोठी श्रीमंती आहे. अडचण एकच: बोनेट उघडल्यावर आधी बाहेर पडतात ती मतं, मापाची हत्यारं पेटीतच राहतात. मग आठ-दहा हजारांचे पार्ट बदलले जातात आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखीच मिसिंग करते.

अशा घोळक्यांत हमखास ऐकू येणारे काही समज तपासून पाहू.

“स्पोर्ट्स कारचं इंजिन आपल्या हाताबाहेरचं”

गाडी वेगळी असते, इंजिन बहुधा ओळखीचं असतं. १९९८ च्या सुमारास आलेली दोन आसनी सॅन स्टॉर्म घ्या. फायबरग्लासची बॉडी, उघडं छत, पण आत रेनोचं ११४९ सीसीचं साधं इंजिन; युरोपात तेच ट्विंगो आणि क्लिओ या छोट्या गाड्यांत होतं. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीत इंजिन प्रवाशांच्या पाठीमागे बसवलं होतं, तेही रेनोचंच दोन लिटरचं टर्बो. २००४ मध्ये आपल्याकडे आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १.८ लिटर टर्बो इंजिनावर धावायची, आणि हे इंजिन फोक्सवॅगन आणि आउडीच्या कितीतरी गाड्यांत होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे ब्लॉकवरचा इंजिन कोड वाचणं. त्या कोडाचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं की टॉर्कची मापं, टायमिंगच्या खुणा, कॉम्प्रेशनची मर्यादा सगळं छापील हाती येतं. बॉडीवरचा बिल्ला पाहून हात आखडता घेण्याचं कारण उरत नाही.

“लाइट लागली, कोड आला, पार्ट बदला”

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथं जरा जास्त थांबतो.

स्कॅनर लावल्यावर येणारा कोड हा इंजिनच्या संगणकाला दिसलेल्या लक्षणाचा असतो. कारण त्यात लिहिलेलं नसतं. ‘पी ०१७१’ हा कोड म्हणतो की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. तो ऑक्सिजन सेन्सरकडून आलेल्या माहितीवर उठतो, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो.

खरी माहिती त्याच स्कॅनरच्या लाइव्ह डेटात असते, आणि तो पडदा फार थोडे लोक उघडतात. तिथं ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा टक्क्यांत दिसतो. संगणक ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. निरोगी इंजिनात तो शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्क्यांच्या आत वर-खाली होतो. समजा आयडलला तो अधिक वीस-पंचवीस दाखवतोय आणि अडीच हजार आरपीएमला खाली येतोय. तर कुठंतरी चोरून हवा आत शिरतेय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, पीसीव्हीची नळी. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यामुळे चोरीची हवा प्रमाणानं मोठी ठरते. वेग वाढला की तिचा वाटा नगण्य होतो. याच्या उलट, आयडलला सारं ठीक आणि चढावर, जोर लावताना आकडा चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. पंप, फिल्टर आणि इंधनाचं प्रेशर तपासा, हवेचं माप घेणारा सेन्सरही पाहा. एकच कोड, पण दोन वेगळे आजार, आणि ते वेगळे करायला एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

मिसिंगचंही तसंच. ऑक्टाव्हिया आरएसमधल्या त्या १.८ टर्बो इंजिनाच्या इग्निशन कॉईल एके काळी वारंवार जात. २००३ च्या सुमारास फोक्सवॅगन ग्रुपनं अमेरिकेत त्या मोठ्या संख्येनं बदलून दिल्या. तेव्हापासून “मिसिंग म्हणजे कॉईल” हे समीकरण टर्बोवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. कॉईल असूही शकते, पण आधी सिद्ध करा. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड ‘पी ०३०३’ झाला तर कॉईल दोषी. दोन नंबरवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग शक्य असेल तिथं इंजेक्टरची. त्यानंतरही दुसरा सिलिंडर हटत नसेल तर दोष आत आहे, आणि कॉम्प्रेशन गेज काढायची वेळ झाली.

पेट्रोल इंजिनात साधारण दहा ते तेरा बार कॉम्प्रेशन मिळतं, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. एकेका सिलिंडरच्या आकड्यापेक्षा चारही आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. एकच सिलिंडर खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलनं तेवढ्यापुरती फट बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी दाखवत असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी. एवढं कळल्याशिवाय “इंजिन उघडू या” म्हणणाऱ्याला थांबवायला हवं.

टर्बो गाड्यांबद्दल एक गोष्ट खास सांगण्याजोगी आहे. चाकणहून बाहेर पडलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून ते वाहत नाही, त्यामुळे तिथं साठलेला कार्बन धुऊन निघत नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्या इंजेक्टर साफ करू शकतील, त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारच नाहीत. मॅनिफोल्ड उतरवून व्हॉल्व्ह हातानं किंवा ब्लास्टिंगनं साफ करणं हाच तिथला उपाय.

“खारा वारा फक्त पत्रा खातो”

वसईची हवा मिठागरांवरून आणि समुद्रावरून येते. पत्र्याचा गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. वायरिंगच्या जोडांत आणि अर्थिंगच्या पट्ट्याखाली चढलेला हिरवट-पांढरा थर दिसत नाही. स्पोर्ट्स कारमध्ये वजनाचा तोल साधायला बॅटरी बऱ्याचदा मागे डिकीत असते. तिथून इंजिनपर्यंत केबल लांब आणि जोड जास्त. अर्थिंग कमजोर झालं की सेन्सरचे आकडे भटकू लागतात, सेल्फ जड फिरतो आणि रोज नवा कोड येतो. काल एक सिलिंडर मिसिंग, आज दुसरा, उद्या काहीच नाही, अशी लक्षणं दिसली की माझा पहिला संशय किनारपट्टीतल्या गाडीच्या अर्थिंगवर असतो.

तपासणी सोपी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. चांगल्या जोडावर आकडा पाव व्होल्टच्या आत राहतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पट्टा काढा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

“गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका”

जुन्या टॅक्सीवाल्यांकडून आलेला हा सल्ला आजही दिला जातो. थर्मोस्टॅट साधारण पंच्याऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन थंडच राहतं, संगणक जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि झीज वाढते. तापण्याचं मूळ कारण मात्र जागेवरच असतं.

ते कारण गाडी कधी तापते यावरून ओळखता येतं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि अहमदाबाद हायवेला लागल्यावर काटा खाली येतो? मग पंखा, त्याचा रिले किंवा तापमानाचा सेन्सर पाहा, कारण वेगात वारा पंख्याचं काम करतो. ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेवर तापते? रेडिएटर आतून बुजलाय किंवा वॉटर पंप कमी पडतोय. कुठंही गळती नसताना कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत पाइप अख्ख्या गाडीतून जातात. कुलंट बदलल्यावर त्यांत हवा अडकली तर सगळं नवं असूनही गाडी तापते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागांवरून हवा काढावीच लागते.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नये, त्यातले क्षार आत थर धरतात आणि ॲल्युमिनियम खातात. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. आत सुमारे एक बार जादा दाब असतो, त्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी जवळपास एकशेवीस अंशांवर उकळतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि सगळं पाणी उसळून चेहऱ्यावर येतं.

“शंभर ऑक्टेन टाका, गाडी उडेल” आणि “इथेनॉलनं इंजिन खाल्लं”

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. वेळेआधी पेट न घेण्याची, म्हणजे नॉकिंग सोसण्याची ती क्षमता आहे. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. ज्या इंजिनाला एक्क्याण्णव पुरतं त्यात ते ओतून फक्त खिसा हलका होतो. पंच्याण्णव मागणाऱ्या टर्बो इंजिनात मात्र एक्क्याण्णव घातलं तर नॉक सेन्सर ऐकतो, संगणक टायमिंग मागे घेतो आणि पिकअप खरोखर पडतो. टाकीच्या झाकणामागे लिहिलेला आकडा पाळला की पुरे.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचलं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हे खरं. लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, हेही खरं. त्यामुळे ॲव्हरेज काही टक्क्यांनी घटतं आणि ते इंजिन बिघडल्याचं लक्षण नाही. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी बदललेलं प्रमाण बऱ्याच अंशी सांभाळून घेते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला ते जमत नाही, ती पातळ मिश्रणावर चालते, तापते आणि अडखळते. तिचे जेट बदलावे लागतात. जुने रबरी पाइप, सील आणि डायफ्रॅम फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवू नये. घाबरण्यापेक्षा पाइप बदलून घेणं शहाणपणाचं, पेट्रोलची गळती हा आगीचा धोका असतो.

ऑइलबद्दलही एक समज घट्ट आहे: जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते आणि बेअरिंगमधली फट ठरावीक जाडीसाठी राखलेली असते. कंपनीनं सांगितलेला ग्रेडच घाला. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरनं ताकद वाढते असं मानणाऱ्यांनी डायनोवर मोजून पाहावं. शिवाय कंपनीच्या मूळ मापांशी न जुळणारे फेरफार मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि सांडोरच्या गल्लीत पहाटे तो आवाज म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या छातीत धडधड उठवतो, हे मला कायद्याहून महत्त्वाचं वाटतं.

“पाणी ओसरलं ना? आता सेल्फ मारून बघ”

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होतं. मिठागरांत माणसं अडकली, लोकल थांबल्या, वीज गेली. पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का’ हे पाहायला सेल्फ मारण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि भिजलेल्या इंजिनाचं खरं नुकसान त्या एका सेल्फनं होतं.

हिशोब करून पाहा. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरचं माप पाचशे सीसी. कॉम्प्रेशन रेशो दहास एक असेल तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा फक्त पंचावन्न सीसी. म्हणजे अर्धा पेला पाणीही नको, तीन-चार मोठे चमचे पुरेत. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते आणि थंड हवेसाठी तिचा इनटेक बऱ्याचदा बंपरमागे खाली असतो, त्यामुळे शेजारची साधी गाडी ज्या पाण्यातून निघून जाते तिथं ही बंद पडते. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची जोड घ्यावी लागते.

भिजलेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवा. एअर फिल्टर ओला आहे का पाहा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ते आणि फिल्टर बदला. सगळे प्लग काढा, पेट्रोल आणि इग्निशनचे फ्यूज काढा, मगच बॅटरी जोडून इंजिन फिरवा. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून उडून बाहेर येईल. ज्यांनी आधीच सेल्फ मारलाय त्यांनी एक माप जरूर घ्यावं. प्लगच्या भोकातून डेप्थ गेज सोडून प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला किती उंच येतो ते मोजायचं. तीन सारखे आणि चौथा मिलिमीटरभर खाली राहिला, तर त्याचा रॉड वाकलाय. गाडी आज चालूही होईल, पण तो रॉड बदलल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये.