चार इंची पाइपाचा खर्ज

"किती फूट देऊ? मोरीला की गच्चीच्या पाण्याला?" रत्नागिरीत हार्डवेअरच्या दुकानात चार इंची पीव्हीसी पाइप मागितला की हा प्रश्न ठरलेला. मी म्हटलं, "अर्धा मीटर पुरे, काका. स्पीकरच्या खोक्यात बसवायचाय." काकांनी करवत खाली ठेवली. "सांडपाण्याचा पाइप स्पीकरात कशाला?" मागे गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी तिथे दोन वाक्यांत आटपलं. खरं उत्तर त्याहून मोठं आहे.

सबवूफर म्हणजे खालचे, खर्जातले आवाज काढणारा स्पीकर. त्याचा पडदा पुढे सरकतो तेव्हा बाहेर जितकी हवा ढकलतो, तितकीच मागे ओढून घेतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात आणि मोकळे सोडले तर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून स्पीकर खोक्यात बंद करतात. पण मग मागचा अर्धा आवाज वाया जातो. पोर्ट, म्हणजे खोक्याला बसवलेला तो उघडा पाइप, हा वाया जाणारा आवाज कामाला लावतो. खोक्यातली हवा दाबली की उसळते, स्प्रिंगसारखी. पाइपातली हवा म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. दोन्ही मिळून एका ठरावीक वेगाने झुलतात. त्या वेगाशी गाण्यातला स्वर जुळला की पाइपातली हवा जोरात पुढेमागे होते, आणि तीही पडद्याच्या उलट न जाता त्याला साथ देत. त्या क्षणी पडदा जवळजवळ स्थिर असतो. आवाज पाइप काढतो. माझ्या पाइपात हलणारी ही हवा मोजली तर जेमतेम चार ग्रॅम भरते. छातीत जाणवणारा खर्ज त्या चार ग्रॅमचा असतो.

कोकण-गोव्याच्या माणसाला हे नवं वाटू नये. गोव्यात आरतीला घुमट वाजतं. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं आणि दुसऱ्या बाजूचं लहान तोंड उघडं. वादक एका हाताच्या बोटांनी कातडं वाजवतो आणि दुसरा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकत-उघडत ठेवतो. तळवा सरकला की घुमटाचा घुमारा खालीवर होतो. वादक तिथे तळव्याने पोर्टचं माप बदलत असतो, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. पूर्वी या वाद्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. ऐंशीच्या दशकात चहाच्या टपऱ्यांवर माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा घातलेला असे, तोही याच जातीचा प्रयोग. मापं नव्हती, पण कान होता.

मापं आली ती जर्मनीच्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झकडून. त्याने भोक असलेले पोकळ गोल कानाला लावून मिश्र आवाजातला एकेक स्वर वेगळा काढला आणि १८६३ मध्ये ते ग्रंथात मांडलं. भोक मोठं तर स्वर वर, पोकळी मोठी तर स्वर खाली, नळी लांब तर आणखी खाली. स्पीकरच्या खोक्यासाठी हे तत्त्व वापरण्याचं पेटंट बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं. तरी पुढची तीस वर्षं खोकी बरीचशी अंदाजानेच बनत होती. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचे गुणधर्म मोजक्या आकड्यांत बसवले, तेव्हापासून घरी बसून कागदावर खोकं आखता येतं. स्पीकरसोबतच्या कागदावर हे थील-स्मॉल आकडे छापलेले असतात. त्यातला क्यूटीएस साधारण ०.३ ते ०.४ असेल तर पाइपाचं खोकं शोभतं. ०.५च्या वर असेल तर बंद खोकंच बरं. बाजारात आकडे न देता विकले जाणारे स्पीकर पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी पोर्ट आखणं म्हणजे जोखीम, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे पाइपाच्या वाटेला जाऊ नये.

मग ठरवायचं की पाइप कोणत्या स्वरावर लावायचा. हौशी मंडळी २५ हर्ट्झच्या मागे धावतात. मला ते पटत नाही. काळी एक पट्टीतल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ वर बोलते. आपल्या घरात जे वाजतं त्यातलं बहुतेक सगळं ४०च्या वर आहे. मी ३५ ठरवलं. स्पीकर दहा इंची, खोक्यात मोकळी जागा ५० लिटर.

हिशेब सोपा आहे. पाइपाच्या आतल्या व्यासाचा सेंटीमीटरमध्ये वर्ग करायचा, त्याला २३,५६२ ने गुणायचं, मग हर्ट्झच्या वर्गाने आणि लिटरने भागायचं. उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करायचं, कारण पाइपाच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. चार इंची म्हणून मिळणारा पाइप बाहेरून ११० मिलिमीटर असतो. माझ्या पाइपाचा आतला व्यास १०.४ सेंटीमीटर भरला. लांबी आली ३४ सेंटीमीटर. हाच पाइप ३० हर्ट्झवर लावायचा तर ४९ लागला असता. तिथे दोन पाइप बसवायचे म्हटले तर प्रत्येकी एक मीटरहून जास्त. पाइप जाड किंवा जास्त केले की लांबी अशी पळते, आणि पाइप खोक्यातली जागाही खातो.

मग बारीक पाइप का नको? सात सेंटीमीटर व्यासाचा घेतला तर ३० हर्ट्झलासुद्धा वीस सेंटीमीटरमध्ये काम होतं, पाइप वळवायला कोपरा लागत नाही, खर्च कमी. इथेच बहुतेक घरगुती खोकी फसतात. ३० हर्ट्झचा स्वर एक मीटरवर १०५ डेसिबल हवा असेल तर पाइपातून ठरावीक हवा जायलाच हवी. १०.४ सेंटीमीटरच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला सुमारे १६.५ मीटर होतो. सातच्या पाइपात तो ३६ मीटरवर जातो, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी १०० ते १२० किलोमीटरचा होता, आणि दापोली-मंडणगडच्या बागांचं काय झालं ते जिल्ह्याने पाहिलंय. त्याहून जोराचा वारा एका बारीक नळीत सेकंदाला तीस वेळा आत-बाहेर करायचा आणि तिने गप्प राहावं, ही अपेक्षा चुकीची आहे. ती फसफसते, भसभसते, आणि संथ गाण्यात ती फसफस स्वराआधी ऐकू येते. सतरा मीटरच्या आत राहा, असा जाणत्यांचा दंडक आहे. मी तो मोडत नाही.

पाइपाची धारदार कडाही आवाज करते. तिला तुतारीच्या तोंडासारखा बाक द्यावा लागतो. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. हॉट एअर गनने टोक सगळीकडून सारखं तापवायचं आणि स्टीलच्या वाडग्यावर दाबून गार होऊ द्यायचं. हे अंगणातच करा आणि पाइप जळू देऊ नका, धूर घातक असतो. पहिलं तोंड वाकडं झालं, दुसरं जमलं. बाकी सामग्रीची वानवा नाही. ज्या रेझिनपासून असे पाइप बनतात ते इथे रनपारलाच फिनोलेक्सच्या कारखान्यात तयार होतं.

खोक्यासाठी पुस्तकं एमडीएफ सांगतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात ते ऐकू नका. एमडीएफ कडांनी ओल पितं, फुगतं आणि सांध्यातून हवा सुटू लागते. हवा सुटली की पोर्टचा सगळा हिशेब बिघडतो. आयएस ७१०चा शिक्का असलेलं १८ मिलिमीटरचं मरिन प्लाय महाग पडतं, पण टिकतं. आतून ३४ बाय ३४ बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ५८ लिटर. स्पीकर, पाइप आणि मधली आधारपट्टी यांची जागा वजा केली की ५० उरतात. स्पीकर लांब बाजूवर, पाइप टोकाच्या चौकोनी बाजूवर. सुतारदादांना एकच अट घातली, की पाइपाचं आतलं तोंड समोरच्या फळीपासून निदान पाइपाच्या व्यासाइतकं लांब हवं. ते म्हणाले, "म्हणजे चुलीच्या धुराड्यासारखं, मोकळं." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. कोकणातली आणखी एक गरज म्हणजे पाली आणि झुरळं. बारीक जाळी लावली तर हवा अडून तीही फसफसते. म्हणून स्पीकर बंद असताना पाइपाच्या तोंडात कापडी बोळा ठेवतो आणि लावण्याआधी काढतो.

पाइप मी मुद्दाम ४० सेंटीमीटर ठेवला. लांब पाइप कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. खोकं आडवं करून स्पीकरचं तोंड वर केलं, पडद्यावर तांदळाचे दहा-बारा दाणे टाकले आणि मोबाइलवरून सलग स्वर हळू आवाजात सोडला. ५० हर्ट्झला दाणे नाचत होते. खाली येत गेलो तसे ते शांत झाले आणि ३२ला जवळपास जागचे हलेनात. पाइपापुढे हात धरला तर वारा लागत होता. खोकं ३२ हर्ट्झवर लागलेलं आहे, हे दाण्यांनी सांगितलं. मग सेंटीमीटर-सेंटीमीटर कापत गेलो. दाणे ३५ला थांबले तेव्हा पाइप ३२ सेंटीमीटरचा उरला होता. कागद ३४ म्हणत होता. कागदाला खोक्याच्या आतले कोपरे आणि पट्ट्या दिसत नाहीत.

एक धोका ठळक सांगायला हवा. लावलेल्या स्वराच्या खाली पोर्ट पडद्याला आधार देत नाही. तिथे मोठा आवाज दिला की पडदा मोकाट पुढेमागे जातो आणि त्यामागची तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, आपटते. म्हणून फार खालचे स्वर अडवणारा ॲम्प्लिफायरमधला सबसॉनिक फिल्टर ३० हर्ट्झच्या जवळ लावून ठेवायचा. नव्या स्पीकरचं पहिल्याच आठवड्यात वाटोळं होतं ते बहुधा इथे.

पहिल्या रात्री पखवाज लावला. थाप पडली आणि तिचा घुमारा खोलीत पसरून वेळेवर मिटला, मागे रेंगाळला नाही. मग वरची कौलं किणकिणली. ३५ हर्ट्झची लहर दहा मीटर लांब असते, तिला चिऱ्याची भिंत अडवत नाही. म्हणून रात्री दहानंतर सबवूफर बंद असतो.

खोक्याच्या तळाला पेन्सिलने लिहून ठेवलंय: ५० लिटर, ३२ सेंटीमीटर, ३५ हर्ट्झ. तुम्ही खोकं बांधलंत तर तुम्हीही हे आकडे लिहून ठेवा. उद्या स्पीकर बदलायची वेळ आली की ते लागतात.