ट्रक लावायचा कसा?

आपल्या मराठीत दिवा लावतात, रोप लावतात, दार लावतात आणि गाडीही लावतात. 'लावणे' या एका क्रियापदाचे इतके अर्थ मी फळ्यावर लिहिले, की विद्यार्थी हसू लागतात. पण या साऱ्या अर्थांत एक समान धागा आहे: जे लावायचे ते योग्य जागी, नीट आणि पुढचा विचार करून लावायचे. सोसायटीच्या आवारात आपली छोटी मोटार कशीबशी कोंबणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फारसे जाणवत नाही. ते जाणवते महामार्गावरच्या ढाब्यावर, रात्री दहाच्या गर्दीत एखादा पन्नास फुटी ट्रेलर जागा शोधत आत शिरतो तेव्हा.

बोलीतले शब्द टिपण्याची मला जुनी खोड आहे. त्या नादात मुंबई-आग्रा रस्त्यावर घोटीच्या आसपासच्या ढाब्यांवर मी पुष्कळदा रेंगाळलो आहे. मुंबईकडे जाणारे ड्रायव्हर कसारा घाट उतरण्यापूर्वी इथे थांबतात, जेवतात, ब्रेक पाहून घेतात. नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरावर पोचविणारा एक पन्नाशीचा ड्रायव्हर तिथे भेटला. मी म्हणालो, "दादा, घाटात एवढी मोठी गाडी चालवायची म्हणजे अवघडच."

तो हसला. "सर, चालवायला कुनीबी शिकतं. लावायला शिकता शिकता जल्म जातो!"

मग चहा संपेपर्यंत त्याने मला जो पाठ दिला, तो असा.

कायद्याने मालमोटारीची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत असू शकते. त्यात मागे चाळीस फुटी कंटेनर असला, की वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आतल्या बाजूने कोपरा कापीत येतात. मागे घेताना तर सारेच उलटे. स्टिअरिंग डावीकडे फिरवावे, तो ट्रेलरची शेपटी उजवीकडे जाते! म्हणून शहाणा ड्रायव्हर आत शिरतानाच निघण्याचा विचार करतो. सकाळी पुढच्या पुढे निघता येईल अशी जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर आताच गाडी मागे घेऊन लावायची, म्हणजे निघताना तोंड बाहेरच्या बाजूला राहते. रांगेच्या टोकाची आणि फाटकाजवळची जागा सोपी दिसते. पण वळणाऱ्या प्रत्येक गाडीची शेपटी तिथेच घासते.

दुसरा नियम, मागे घेण्यापूर्वी खाली उतरून पाहायचे. चर, खांब, लोंबणारी तार, शेजाऱ्याचा बाहेर आलेला आरसा यांतले काहीही केबिनमधून दिसत नाही. अमेरिकेत ट्रक चालवायला शिकणाऱ्यांनाही "उतरा आणि पाहा" हाच धडा देतात. मात्र तिथे ड्रायव्हर डाव्या बाजूस बसतो, म्हणून गाडी डावीकडे वळवीत मागे घेणे त्याला सोयीचे. आपल्याकडे ती उजवीकडे घ्यावी, म्हणजे खिडकीतून डोके काढून मागचा कोपरा दिसतो. डावी बाजू आणि थेट मागची बाजू ही आंधळी. तिथे क्लीनरचे डोळे कामी येतात. तो ओरडतो, फळीवर थाप मारतो; पण खरा नियम असा, की क्लीनर आरशात दिसेनासा झाला, की त्या क्षणी थांबायचे. आता पुष्कळ गाड्या क्लीनरवाचून धावतात. मग ड्रायव्हरनेच पुन:पुन्हा उतरले पाहिजे.

गाडी उभी राहिली म्हणजे काम संपले असे नाही. हवेवर चालणाऱ्या ब्रेकांत हवा सुटली, की मोठी स्प्रिंग चाक आवळून धरते. तरीही उतारावर चाकाखाली ठोकळा हवाच. ठोकळा नसला की दगड लावतात आणि सकाळी तो दगड तिथेच टाकून निघून जातात. पुढे अंधारात त्यावरून मोटारसायकल उडते.

शेवटचा नियम सांगताना त्याचा आवाज उतरला. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालायची आणि वाकून खाली पाहायचे. उन्हाळ्यात सावलीसाठी माणसे ट्रकखाली झोपतात. आपल्याच गाडीची नव्हे, शेजारच्या गाडीचीही. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण रस्त्यावर अजून जुन्याच गाड्या फार.

एवढे सारे जाणणारा हा माणूसही कधी कधी रस्त्याच्या कडेला ट्रक लावतो. असे का? ढाब्यावर जागा नसते म्हणून. वाहन धोकादायक रीतीने उभे करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम सांगते. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती द्यावी, असे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्याने सांगितले होते. डोळे मिटू लागलेल्या माणसाने या दोहोंचा मेळ कुठे घालायचा? मग वर्तमानपत्रात ते ठरलेले वाक्य येते: उभ्या ट्रकवर मोटार आदळली.

त्यामागचा हिशेब साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला २२ मीटर जाते. दिव्याचा खालचा झोत सुमारे चाळीस-पन्नास मीटर पोचतो. म्हणजे मागचे दिवे बंद असलेला, चिखलाने माखलेला ट्रक दिसल्यापासून हाती दोनच सेकंद उरतात. मागे तांबडी आणि बाजूंना पिवळी चकाकणारी पट्टी याचसाठी असते. ती फडक्याने पुसायला एक मिनिट पुरते.

आणि ढाब्यावरची जागा कुणी अडवलेली असते? पुष्कळदा आपणच! ट्रेलर वळण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पटांगणात आपली मोटार "पाचच मिनिटे" म्हणून उभी असते. मुले दोन ट्रकांच्या फटीतून हात धुवायला धावतात. आपण चहा घेतो, आणि बाहेर एक थकलेला माणूस दोन घिरट्या घालून, नाइलाजाने रस्त्याच्या कडेला ट्रक लावतो. तासाभराने तिकडून येणारी मोटार आपल्यासारख्याच कुणाच्या तरी घरची असते.

दिवाळीच्या सुट्टीत आपण गावी जाल, वाटेत थांबाल. मोटार लहान गाड्यांच्या जागेतच लावा. मागे येणाऱ्या ट्रकच्या पाठीमागे उभे राहू नका. मुलांना दोन ट्रकांमधून जाऊ देऊ नका. आणि एखादा ड्रायव्हर हात करून गाडी जरा बाजूला घ्या म्हणाला, तर चहा खाली ठेवून लगेच उठा.